दूरच्या बेटांवरचे इग्वाना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात प्राण्यांच्या प्रवासाविषयी लिहिताना, फिजी बेटांवरचा इग्वाना अमेरिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रात तरंगत तिथे पोचला असावा, असे एक वाक्य आले होते. त्या वाक्यावर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. ज्यांच्या दारासमोर रोज भरती-सुकती होते, त्यांनी समुद्राविषयीचे असे विधान पुराव्यावाचून मान्य करू नये, हे योग्यच आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : इग्वाना म्हणजे आपली घोरपडच ना? चित्रात तर तशीच दिसते.
(एक विद्यार्थी, राजापूर)

उत्तर : आकारामुळे तसे वाटते, पण ती दोन वेगळी कुळे आहेत. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि टोकाला दुभागलेली असते, आणि ती खेकडे, किडे, बेडूक, पक्ष्यांची अंडी असे खाणारी शिकारी आहे. इग्वानाची जीभ जाड व मांसल असते आणि त्याचा आहार मुख्यतः पाने, फुले व फळे हा असतो. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद शोधायचा असेल, तर कुंपणावर बसून मान खालीवर करणाऱ्या साध्या सरड्याकडे पाहावे. नर सरडा ज्या झटक्यांनी आपली हद्द जाहीर करतो, त्याच जातीच्या झटक्यांनी इग्वानाही करतो. सरड्यांचे कुळ आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियात पसरले आणि इग्वानांचे अमेरिका खंडात व त्याच्या आसपासच्या बेटांवर. या वाटणीला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे पॅसिफिक महासागराच्या पार पलीकडच्या बाजूला, फिजी-टोंगाच्या परिसरात राहणारे इग्वाना. पुढच्या पत्रातला प्रश्न नेमका त्यांच्याविषयीच आहे.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतून वाहून आलेली झाडे आणि बांबूची अख्खी बेटे आमच्या पुळणीला लागली होती. मुळासकट उपटलेल्या एका झाडाच्या फांद्यांत मला जिवंत सरडा दिसला. चिपळूणकडून दाभोळच्या खाडीतून एवढे अंतर तो जगत आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण अमेरिका ते फिजी हे अंतर आठ हजार किलोमीटर आहे. वाटेत गोडे पाणी नाही, अन्न नाही. हा पुरावा आहे की नुसते अनुमान?
(एक निवृत्त शिक्षिका, अंजनवेल)

उत्तर : बाई, आपण जो सरडा पाहिलात, तसेच इग्वाना येताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिल्याची एक नोंद शास्त्रीय वाङ्मयात आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रात लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली. त्यानंतर ४ ऑक्टोबरला अँग्विला या लहानशा बेटाच्या पूर्व किनाऱ्याला ओंडक्यांचा व उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा गुंता येऊन लागला. त्यातली काही झाडे तीस फुटांहून लांब होती आणि त्यांच्या मुळांचे जाळे तसेच शाबूत होते. त्या गुंत्यावर आणि लगतच्या पुळणीवर किमान १५ हिरवे इग्वाना होते. ही जात त्या बेटावर आधी नव्हती. वादळांचा मार्ग आणि प्रवाह पाहता ते सुमारे ३०० किलोमीटरवरच्या ग्वादलूप बेटाकडून आले असावेत, असे अभ्यासकांनी ठरवले. त्यातले काही इग्वाना तिथे तगले, आणि अडीच वर्षांनी त्यांच्यात अंडी धरण्याच्या अवस्थेतली एक मादीही सापडली. मराठीत बांबूच्या जाळीला आपण ‘बेट’ म्हणतो. पुरात सुटून निघालेले असे बेट दुसऱ्या बेटावर वस्ती नेऊन पोचवते, हे इथे माणसांच्या डोळ्यांदेखत घडले.

तीनशे किलोमीटर आणि आठ हजार किलोमीटर यांत फार मोठे अंतर आहे, हा आपला आक्षेप तरीही उरतो, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग इग्वानाच्या शरीराचा. उपाशी राहण्याची त्याची ताकद सस्तन प्राण्यांना अवघड वाटेल इतकी मोठी आहे. सरपटणारा प्राणी स्वतःचे शरीर आतून तापवत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्या अन्नावर तो भागवतो. त्याची खवल्यांची कातडी पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि तो पाने खाणारा असल्यामुळे तराफा हेच काही काळ त्याचे अन्न व ओलावा असतो. बेडकाचे याच्या नेमके उलट आहे. त्याच्या ओल्या, पातळ कातडीला खारे पाणी सोसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक डबक्यात बेडूक ओरडतात, पण पॅसिफिक महासागरातल्या गॅलापॅगोस बेटांवर मूळचा एकही बेडूक नाही. जमिनीवरच्या मूळच्या सस्तन प्राण्यांमध्येही, वटवाघळे सोडली, तर फक्त उंदरांच्या काही जाती तिथे पोचल्या. दूरच्या बेटांवर सरपटणाऱ्यांची सत्ता असण्याचे कारण तिथे कोण चांगले जगेल यापेक्षा तिथवर कोण जिवंत पोचेल, या प्रश्नात अधिक दडलेले आहे, असे माझे मत आहे.

दुसरा भाग वाऱ्याचा, आणि तो कोकणच्या वाचकांना चटकन उमगेल. आपल्या नद्यांना पूर येतो तेव्हाच नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे जोराने वाहत असतो. त्यामुळे वाशिष्ठीने किंवा सावित्रीने समुद्रात ढकललेले बहुतेक लाकूड फिरून याच किनाऱ्याला लागते. मध्य अमेरिकेच्या पश्चिम बाजूला विषुववृत्ताजवळची गोष्ट वेगळी आहे. तिथले व्यापारी वारे आणि त्यांच्यामागून चालणारे समुद्रप्रवाह जमिनीपासून दूर, पश्चिमेकडे वाहतात. एकदा त्या प्रवाहात सापडलेला तराफा खुल्या महासागराकडेच जातो. त्या वाटेवरचा पहिला थांबा म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवरची गॅलापॅगोस बेटे, आणि तिथेही इग्वाना आहेतच.

आता फिजीविषयी. तिथल्या इग्वानांच्या चार जाती आज ज्ञात आहेत. ते आशियातून किंवा अंटार्क्टिकामार्गे जमिनीवरून चालत आले असावेत, अशी एक कल्पना पूर्वी मांडली जात होती; पण तशी वाट दाखवणारे इग्वानांचे जीवाश्म त्या बाजूला सापडत नाहीत. २०२५ मध्ये जनुकांच्या विस्तृत तुलनेवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यातून फिजीच्या इग्वानाचा सर्वांत जवळचा नातेवाईक पुढे आला तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला व वायव्य मेक्सिकोतला वाळवंटी इग्वाना. या दोघांच्या वाटा साधारण ३ कोटी ४० लाख ते ३ कोटी १० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. फिजीची ज्वालामुखी बेटे समुद्रातून वर आली त्याच सुमाराची ही वेळ आहे. म्हणजे नवी जमीन तयार झाली आणि फार उशीर न होता तिला पाहुणा मिळाला. या प्रवासाला काही महिने लागले असतील. पण प्रवासी वाळवंटातला होता, ऊन, तहान आणि उपास यांची सवय असलेल्या घराण्यातला. ओंडक्यावर बसून महासागर ओलांडण्यासाठी प्राणी निवडायचाच झाला, तर याहून योग्य प्राणी मला सुचत नाही.

आपण विचारलेत, पुरावा की अनुमान? नाते आणि काळ जनुकांतून कळतो आणि बेटाचे वय खडकांतून. हा पुरावा आहे. तराफा कोणी पाहिलेला नाही, ते अनुमान आहे. पण कोट्यवधी वर्षांत अंडी धरलेली एकच मादी एकदाच पोचली असती तरी वस्तीला ती पुरेशी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ते अनुमान अचाट वाटत नाही.

प्रश्न : समुद्रात बुडी मारून चरणारा सरडा खरेच आहे का? एवढे खारट खाऊन तो जगतो कसा? आणि विषुववृत्तावर राहून तो दिवसभर ऊन खात बसतो, म्हणजे त्याला थंडी वाजते का?
(एक मच्छीमार, मालवण)

उत्तर : खरेच आहे, आणि जगभरच्या सरड्यांत समुद्रात अन्न शोधणारा असा तो एकटाच आहे. गॅलापॅगोसचा सागरी इग्वाना लाव्हाच्या काळ्या खडपांवर राहतो आणि खडकाला चिकटलेले तांबडे व हिरवे शेवाळ खातो. त्याचे तोंड आखूड व बोथट असते, त्यामुळे तो खडकाला तोंड भिडवून शेवाळ खरवडू शकतो. नख्या लांब व वाकड्या असतात, त्या लाटेतही पकड सोडत नाहीत. शेपूट दोन्ही बाजूंनी चपटे असते आणि पोहताना वल्ह्याचे काम करते. लहान नर, माद्या आणि पिल्ले सुकतीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर उतरून चरतात, आणि भरती चढू लागली की मागे सरकतात. आपल्याकडे कालवे काढायला जाणाऱ्या बाया ज्या वेळा पाळतात, त्याच वेळा हा प्राणी पाळतो. खोल पाण्यात बुडी मारतात ते मुख्यतः मोठे नर, कारण मोठे शरीर सावकाश थंड होते.

थंडी वाजण्याविषयीचा आपला तर्क अगदी बरोबर आहे. ही बेटे विषुववृत्तावर असली तरी थंड प्रवाहांमुळे तिथले पाणी आपल्या समुद्राच्या मानाने बरेच गार असते. चरून परतलेल्या इग्वानाच्या शरीराचे तापमान सुमारे दहा अंशांनी कमी झालेले असू शकते. तो कसाबसा खडकावर चढतो आणि पोट तापलेल्या दगडाला टेकवून पसरतो. पुन्हा साधारण ३५-३६ अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याचे पोटातले शेवाळ नीट पचत नाही. त्याचा काळा रंग ऊन शोषून घ्यायला उपयोगी पडतो, आणि रात्री ऊब टिकवण्यासाठी अनेक इग्वाना एकमेकांच्या अंगावर रचून ठेवल्यासारखे झोपतात.

मिठाचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरही पाहायला मिळते. वेळासच्या पुळणीवर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना आपण पाहिले असेल. ती रडत नसते, डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून जादा मीठ बाहेर टाकत असते. इग्वानाच्या त्याच कामाच्या ग्रंथी नाकपुड्यांत उघडतात. तो जोराने फुरफुरतो, मिठाचे तुषार उडतात आणि ते त्याच्याच डोक्यावर पडून वाळतात. म्हणून म्हाताऱ्या नरांच्या डोक्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो.

चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये या बेटांवर गेला, तेव्हा या प्राण्याचा आहार काय, हे पाहण्यासाठी त्याने पोट फाडून पाहिले आणि त्यात शेवाळ सापडले. त्याच्या जहाजावरच्या एका खलाशाने इग्वानाला वजन बांधून समुद्रात सोडले. तासाभराने वर ओढले तेव्हा तो जिवंत आणि चपळ होता. मला मात्र त्याचा तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुकतीनंतर खडकांत राहिलेल्या खोल डोहात त्याने एक इग्वाना पुन्हा पुन्हा फेकला, आणि दर वेळी तो पोहून थेट डार्विन उभा होता तिथेच परत आला. डार्विनने त्याचा अर्थ असा लावला की या प्राण्याला जमिनीवर शत्रू माहीत नाही, समुद्रात मात्र शार्क आहेत. म्हणून संकट आले की पिढीजात सवयीने तो किनाऱ्याकडेच धाव घेतो, मग तिथे कोणीही उभे असो. गार पाण्यातून बाहेर पडण्याची गरजही त्यात असेल. पण माणसाला संकट म्हणून ओळखणारी जाणीव त्याच्या ठायी नव्हती, हे खरे, आणि ती आजही फारशी आलेली नाही. अलीकडच्या अभ्यासात असे दिसले की एकदा पकडले गेलेले इग्वाना नंतर थोड्या जास्त अंतरावरून पळू लागतात, पण कुत्र्यापासून वाचायला ते अंतर पुरत नाही. आकाशातल्या ससाण्याशी मात्र त्यांची ओळख जुनी आहे. तिथल्या एका जातीचे पक्षी ससाणा दिसला की धोक्याची हाक देतात, आणि स्वतः कसलाही आवाज न करणारे हे इग्वाना ती हाक ऐकून सावध होतात.

एक गोष्ट विचारलेली नसताना सांगतो. एल निनोचे नाव आपल्याला पावसाच्या अंदाजामुळे ठाऊक आहे. गॅलापॅगोसला एल निनोच्या वर्षी पाणी तापते, खाण्याजोगे शेवाळ मरते, त्याच्या जागी पचायला जड तपकिरी शेवाळ वाढते, आणि इग्वाना मोठ्या संख्येने उपाशी मरतात. अशा काळात जिवंत राहिलेले काही इग्वाना लांबीने लहान झालेले आढळले. रोडावणे वेगळे, इथे हाडांसकट शरीर आखडले होते, काहींचे तर २० टक्क्यांपर्यंत. ज्यांचे शरीर जास्त आखडले ते जास्त तगले, आणि शेवाळ परत आल्यावर पुन्हा वाढले. पाठीचा कणा असलेला, पूर्ण वाढ झालेला प्राणी असा लांबीने लहानमोठा होऊ शकतो, असे सहसा मानले जात नव्हते; इग्वानांविषयीचे हे निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले.

याच बेटांवर जमिनीवर राहणारे पिवळसर इग्वानाही आहेत. त्यांचे मुख्य अन्न फड्या निवडुंग आहे. आपल्याकडे बांधावर दिसणारा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. सागरी आणि जमिनीवरचे इग्वाना एकाच पूर्वजाचे वंशज असून अलीकडच्या हिशेबानुसार त्यांच्या वाटा सुमारे ४५ लाख वर्षांपूर्वी फुटल्या. जमिनीवरच्यांत एक गुलाबी जात आहे. ती फक्त इसाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीवर राहते, १९८६ मध्ये वनरक्षकांच्या पाहण्यात आली आणि २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली.

प्रश्न : माझ्या पुतण्याने मुंबईच्या घरात हिरवा इग्वाना पाळला आहे. तो आता चार फुटांचा झाला असून घरात मावत नाही. आमच्या आंब्याच्या बागेत सोडावा, असे तो म्हणतो. इथली हवा त्याला मानवेल ना?
(एक बागायतदार, देवगड)

उत्तर : हवा मानवेल, आणि त्यामुळेच कृपा करून त्याला बागेत सोडू नका. उष्ण, दमट हवा, बारमाही पाला आणि अंडी पुरायला मोकळी माती हेच या जातीला लागते. सागरी इग्वानाची मादी एका वेळी एक ते सहा अंडी घालते, पण हिरव्या इग्वानाची मादी चाळीस-पन्नाससुद्धा घालू शकते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर बाहेरून आलेल्या हिरव्या इग्वानांची संख्या एवढी वाढली की २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारला पैसे देऊन त्यांना मारण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, आणि पुढच्या काही वर्षांत १० लाखांहून अधिक इग्वाना मारले गेले. दुःखाची गोष्ट अशी की त्याच बेटाचा स्वतःचा निळा इग्वाना २००२ च्या सुमारास जंगलात पंचवीसच्या आत उरला होता, आणि त्याला संगोपन केंद्रात वाढवून पुन्हा जंगलात सोडण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे चालले आहे. फिजीतही २००० साली कामेआ बेटावर हिरवे इग्वाना बाहेरून आणले गेले, आणि आता तिथल्या मूळच्या जातींना त्यांची भीती आहे. आपल्या पुतण्याचा प्राणी एकटा आहे हे मला मान्य आहे. पण नर की मादी हे आपण कळवलेले नाही, आणि दुसरा कोणी पुतण्या आणखी एखादा कुठे सोडणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

पुतण्याने दोन गोष्टी कराव्यात. हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींत येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे तो बाळगल्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश प्रणालीवर करावी लागते. ती झाली आहे का ते त्याने पाहावे. आणि प्राणी खरोखरच सांभाळवत नसेल, तर वन विभागाशी बोलून त्याच्या सल्ल्याने योग्य जागी द्यावा.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की बागेत मुंगसे पुष्कळ आहेत, ती त्याचा बंदोबस्त करतील. हाच विचार दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळेवाल्यांनी केला होता. १८७२ मध्ये जमैकातल्या एका मळेवाल्याने उंदीर मारण्यासाठी कोलकात्याहून नऊ मुंगसे मागवली. त्यांची प्रजा त्या बेटावर पसरली आणि पुढे तिथून इतर बेटांवरही नेली गेली. फिजीत मुंगूस १८८३ मध्ये आणले गेले. आपल्याकडे मुंगूस दिसले की शुभ मानतात, आणि इथल्या रानात ते आपल्या जागी आहेही. पण ज्या बेटांवर जमिनीवर हिंडणारा असा शिकारी कधी नव्हता, तिथल्या प्राण्यांना त्याच्यापासून पळता येत नव्हते आणि जमिनीत पुरलेली अंडी लपवता येत नव्हती. फिजीच्या इग्वानांची अंडी फुटायला आठ-नऊ महिने लागतात. आपल्या कासवाची अंडी दीड-दोन महिन्यांत फुटतात, तरी वेळासच्या लोकांना ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपावी लागतात, यावरून अंदाज करावा. फिजीच्या तुरेवाल्या इग्वानाची सर्वांत मोठी वस्ती आज यादुआ ताबा या लहानशा, मुंगूस न पोचलेल्या बेटावर आहे.

जमैकाचा स्वतःचा इग्वाना तर १९४० च्या दशकानंतर नाहीसा झाला असे सर्वांनी धरले होते. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत रानडुकरांच्या शिकारीला गेलेल्या एका माणसाच्या कुत्र्याने एक जिवंत इग्वाना पकडला, आणि शोध घेतल्यावर तिथे थोडेसे उरलेले आढळले. तेव्हापासून तिथे पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की त्यांतली काही गोळा करून किंग्स्टनच्या प्राणिसंग्रहालयात नेतात, मुंगसाला मारता येणार नाही एवढी मोठी होईपर्यंत काही वर्षे वाढवतात, आणि मग त्याच टेकड्यांत परत नेऊन सोडतात.